आहे का कोणी घरात?

१

आमचं घर बेगडेवाडी स्टेशनजवळ, रुळांना लागून आहे. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणतात. लोकल असली तर थोडी, एक्स्प्रेस असली तर जास्त. लग्न होऊन आले तेव्हा मी त्या आवाजाला दचकायचे. आता उलटं झालंय. रविवारी ब्लॉक असला आणि दुपारभर गाडी गेली नाही की मला चुकल्यासारखं होतं.

मी कंपनीतल्या मुलांचे डबे करते, त्यामुळे सगळा दिवस स्वयंपाकघरातच जातो. भाजी तळेगावच्या बाजारातून आणते. लाल भोपळा घ्यायचा झाला तर फोड घेते. अख्खा भोपळा चार वर्षं आमच्या घरात आला नव्हता.

आमच्याकडे बाईनं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावायची नसते. सासूबाई म्हणायच्या, भोपळा म्हणजे घरातला मुलगा. पहिली सुरी पुरुषानं मारायची, मग बाईनं खुशाल फोडी कराव्यात. मला हे पटतं का, असं कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. काही गोष्टी आपण पाळतो, इतकंच.

आमच्या घरी ते काम सुरजचं होतं. माझा मुलगा. सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यानं ते कोणाला करू दिलं नाही. घारगे म्हणजे त्याचा जीव. भोपळा फरशीवर ठेवायचा, समोर उकिडवा बसायचा आणि बोटाच्या पेरानं वाजवायचा. टक टक. मग थांबून, टक.

“आहे का कोणी घरात?”

मी पोळ्या लाटत असायचे. तोंड न हलवता, आवाज बारीक करून म्हणायचे, “कोणी नाही.”

“मग मी येतो!” की सुरी खच्चकन आत.

मिशी फुटली, गाडी चालवायला लागला, तरी हे चालूच होतं. त्याचं त्यालाच हसू यायचं, पण करायचा.

एकविसाव्या वर्षी, ऐन श्रावणात, मित्रांबरोबर पवनेच्या धरणाकडे गेला. सगळे पोहायला उतरले. बाकीचे वर आले. लोकांनी होड्या घातल्या, गळ टाकले. काठावर त्याचे बूट, शर्ट आणि मोबाईल मिळाला. तो मिळाला नाही.

मी एवढंच म्हणते, मिळाला नाही. गेला, असं म्हणत नाही.

२

घरच्यांना मात्र ते म्हणायला हवं होतं. माझे दीर भिकाजीभाऊ दर पितृपक्षात विषय काढायचे. मागच्या वर्षी त्यांनी माझ्यासमोरच ह्यांना विचारलं.

“कैलास, अजून किती दिस त्याला तसाच ठेवायचा? दर्भाचा पुतळा करू, आळंदीला नेऊन अग्नी देऊ. पोराला वाट मिळंल.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मी ताटं उचलली. माझं गप्प बसणं त्यांनी होकार धरलं आणि दिवाळीच्या आधीचा सोमवार ठरला.

माझी मुलगी अपेक्षा चिंचवडला असते. तिला हे कळल्यावर ती मला बाहेर काढायच्या मागे लागली. “आई, तू चार वर्षं बाजाराच्या पुढं गेली नाहीस. आपण एक दिवस कुठंतरी जाऊ.” कुठं जायचं ते तिच्या मुलीनं ठरवलं. पिहू तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं मोबाईलवर भोपळ्यांच्या शेतात बागडणारी पोरं पाहिली होती. आणि मळवलीकडे एका शेतकऱ्यानं तसंच काहीतरी सुरू केलंय, या, हिंडा, आपला भोपळा आपण तोडून न्या, अशी जाहिरात जावयांना दिसली होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. प्रदीपराव गाडी चालवत होते, हे त्यांच्या शेजारी, मागं आम्ही तिघी. ऑक्टोबरचं ऊन होतं. भात पिवळं पडत आलेलं. मळवलीचं फाटक ओलांडलं, भाजं मागं पडलं, लोहगडवाडी आली. किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांची गर्दी होती, टपऱ्यांवर भजी तळणं चालू होतं.

“अहो प्रदीपराव, मळवलीला होतं ना?” मी विचारलं.

“जाहिरातीत मळवलीच लिहिलंय, आई. मॅप पुढं दाखवतोय. खिंड उतरून थोडंसंच.”

खिंड उतरलो आणि समोर पवनेचं पाणी दिसलं. निळं, पसरलेलं, शांत. अपेक्षानं माझा हात धरला.

“परत फिरवू का?” प्रदीपरावांचा आवाज अगदी लहान झाला होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“भोपळा!” पिहू खिडकीतून ओरडली. “आजी, केवढाले भोपळे!”

मी म्हणाले, “आलोय तर जाऊ.”

३

शेत उतारावर होतं. वेलींची पानं करपून खाली बसली होती आणि भोपळे उघडे पडले होते. प्रत्येकाखाली पेंढा. ठिकठिकाणी लोक भोपळ्याला टेकून फोटो काढत होते. हे गाडीतून उतरलेच नाहीत. काच वर करून, पाण्याकडे पाठ करून बसले.

शेतवाल्या येसूबाई डोक्याला फडकं बांधून बांधावर उभ्या होत्या.

“या, या पाव्हनं. फोटू काडा, न्हाई म्हनत न्हाई, पर येलावर पाय देऊ नगा.” मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “लय गंमत हाय बघा. पुण्याच्या बाया भोपळ्याला मिठ्या मारत्यात आन् निगताना मला इचारत्यात, मावशी, ह्याचं करायचं काय!”

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल.

“वाजवून घ्या,” त्या म्हणाल्या. “पोकळ वाजलं तर पिकलं. बद्द वाजलं तर ऱ्हाऊ द्या.”

आम्ही वाजवत वाजवत फिरलो. प्रदीपराव प्रत्येक भोपळ्याला कान लावून डॉक्टरसारखा चेहरा करत होते, पिहू खिदळत होती. मग ती एकदम खाली धावत सुटली. मी तिच्या मागं गेले.

शेताच्या टोकाला तारेचं कुंपण होतं. एक वेल त्या तारेखालून पलीकडे गेला होता, पाण्यापर्यंत. त्याचा एकच भोपळा कुंपणाच्या आत, चिखलात बसलेला होता. खाली पेंढा नव्हता. रंग चांगला भगवा, पण अंगावर ओल. सगळीकडे ऊन मी म्हणत होतं आणि तो आत्ताच कोणी धुवून ठेवल्यासारखा.

पिहू त्याच्यासमोर उकिडवी बसली. पेरानं वाजवला. टक टक. मग थांबून, टक.

मी तिथंच थांबले. मग मी स्वतःला समजावलं. लहान मुलं अशीच वाजवतात. दोनदा आणि एकदा, त्यात काय मोठं? तिच्या मामाचा खेळ तिला कोण सांगणार? तो होता तेव्हा ती रांगत होती. आम्ही त्याच्याबद्दल बोलतच नाही.

“आजी, हाच.”

मी वाकून हात लावला. गार होता. माठासारखा गार. मी वाजवला, बद्द आवाज आला. कच्चा असणार, म्हणून हात काढून घेतला.

आणि हात काढल्यावर तो वाजला. आतून, सावकाश. टक टक. टक.

जवळच पाण्यात मोटार टाकलेली होती, तिची घरघर चालू होती. तिचाच हादरा असेल. मी तसंच धरून चालले. पण माझा हात परत त्याच्यावर जाऊन बसला होता आणि मला तो उचलावासा वाटत नव्हता.

येसूबाई वरून आल्या. “त्यो नगा घेऊ, बाई. कच्चा हाय. आन् त्यो येल म्या लावलेला बी न्हाई, आपला आपुन उगावलाय.”

“पाणी कुठलं देता?” मी विचारलं.

“धरणाचंच की. दुसरं कुटलं हाय हितं?”

पिहूनं भोपळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. “मला हाच पाहिजे.”

मी येसूबाईंना म्हणाले, “तिला आवडलाय. असू दे.” पण माझ्यासाठी म्हणाले ते.

४

घरी आल्यावर मी तो ओट्याजवळ, खिडकीखाली ठेवला. प्रदीपराव बाह्या सारून पुढे आले.

“आई, सुरी द्या. जावई पण पुरुषच असतो ना?”

“घरी कांदा चिर म्हटलं की तुला मीटिंग असते,” अपेक्षा म्हणाली. “चालला भोपळा कापायला.”

“कांद्याचं वेगळं आहे. तो रडवतो.”

मी म्हणाले, “राहू दे. दिवाळीत बघू.”

ती मंडळी गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

“हिरा, कशाला आणलास तो?”

“पिहूनं आणला.”

“पिहूनं आणला. ठेवलास तू.”

मी गॅस पेटवला. ह्यांना उत्तर नको असतं तेव्हा ते असं बोलतात आणि मला द्यायचं नसतं तेव्हा मी गॅस पेटवते.

तोडलेल्या भोपळ्याचा देठ काही दिवसांत वाळून लाकूड होतो. ह्याचा हिरवाच राहिला. नंतर त्यातून वेलीचा एक कोवळा ताणा फुटला, बाळाच्या करंगळीसारखा वळलेला. मला वाटलं, ओल धरून राहिला असेल. सकाळी उठले की त्याच्याखाली फरशीवर पाण्याचं कडं असायचं. मी ते पुसायचे. फरशी पुसायला त्याला बाजूला सरकवत होते ना, तर एके दिवशी तो सरकेना. आणताना मी एकटीनं उचलला होता. आता दोन्ही हात लावून, पाय रोवूनही हलत नव्हता. मला वाटलं, माझ्याच कंबरेनं दगा दिला. पन्नाशी जवळ आलीय.

आणि तो वाजायचा. गाडी गेली की भांडी वाजायची, त्या किणकिणाटात त्याचा आवाज मिसळून जायचा. आत बिया सुटल्या असतील, गाडीनं हलत असतील. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. गाडी निघून जायची, भांडी गप्प व्हायची आणि तो शेवटचा एक टक तेवढा मागे राहायचा.

५

माणसाचं मन कसं असतं बघा. पहिले दोन दिवस मी घाबरले. तिसऱ्या दिवशी मी वाट बघायला लागले.

डबेवाला मुलगा डबे घेऊन गेला की घर रिकामं. हे कंपनीत. मी ओट्याचं काम उरकायचे आणि भोपळ्याजवळ पाट घेऊन बसायचे. तांदूळ निवडायचे, लसूण सोलायचे. कधी पेरानं हळूच वाजवायचे. उत्तर यायचं. लगेच नाही. त्याला दुरून यायला वेळ लागत असावा तसं.

मी त्याच्याशी बोलायला लागले. अपेक्षाचं, पिहूच्या शाळेचं, शेजारच्या नंदाबाईंनी घर विकलं त्याचं. तुझी गाडी बाबांनी विकली नाही बरं, झाकून ठेवलीय, हे सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी घारग्यांसाठी गूळ आणला. किसून डब्यात भरून ठेवला. बाजारात मला एकीनं विचारलं, घरी कोणी आलंय का? मी म्हणाले, येणार आहे.

मला वेड लागलंय का, हा विचार माझ्याही मनात यायचा. पण मी हिशेब चुकत नव्हते, मीठ चुकत नव्हते, डब्यात कोणाला तिखट चालत नाही ते विसरत नव्हते. वेड्या माणसाला एवढं सांभाळता येत नसावं.

एक मात्र मी केलं नाही. तो वाजवायचा म्हणजे विचारायचा, आहे का कोणी घरात? पुढचं वाक्य माझं होतं. कितीदा ओठांवर आलं. पण मी ‘कोणी नाही’ म्हटलं, की त्याच्या पुढचं वाक्य त्याचं. आणि घरात माणसं असायची. हे झोपलेले असायचे, नाहीतर न्हाणीत असायचे. पोटात ओढ होती, तरी तेवढी भीती मला होती. चार वर्षं पाण्यात राहिलेलं लेकरू कसं येईल, ते मी मनात आणत नव्हते.

सोमवार जवळ आला तसं मी ह्यांना म्हणाले, “आळंदीचं राहू दे या वर्षी.”

हे जेवत होते. घास तसाच ताटात ठेवला.

“का?”

“तो येणार असेल तर?”

“हिरा, आपण दोघांनी ते पाणी बघितलंय.” मग ताट बाजूला सारलं. “मलाही ऐकू येतंय गं. मी पण कान देऊन असतो. म्हणून तर आत येत नाही मी.”

मला वाटलं होतं, तो फक्त माझ्यासाठी वाजतो.

६

तो रविवार. उद्या आळंदीला जायचं होतं. हे आणि भिकाजीभाऊ तयारीचं सामान आणायला गेले होते. अपेक्षा आणि प्रदीपराव पिहूला माझ्याकडे सोडून कपडे घ्यायला तळेगावात गेले. ब्लॉक होता. सकाळपासून एक गाडी गेली नव्हती. इतकी शांतता, की मागच्या परसात कपडे काढताना मला चिमटा उघडल्याचा आवाज येत होता.

आत पिहू एकटीच बोलत होती. बाहुलीशी बोलते तसं. मग ती हसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, “कोणी नाही.”

माझ्या हातातले कपडे पडले.

मी दारापर्यंत आले. पिहू भोपळ्यासमोर उकिडवी बसली होती, एक तळवा त्याच्यावर टेकून, कान लावून.

“पिहू, कोणाशी बोलतेस?”

“मामा विचारतोय.”

“कोण मामा?”

“आतला. तो विचारतो, आहे का कोणी घरात. मी म्हटलं, कोणी नाही. तू मागं होतीस ना?”

फरशीवर पाणी पसरलं होतं. पार माझ्या पायांपर्यंत. पिहूच्या फ्रॉकची कड भिजली होती. आणि तिच्या दोन्ही वेण्यांमधून पाणी गळत होतं, नुकतीच न्हायल्यासारखं. ओठ निळे पडले होते. ती थरथरत होती, पण हसत होती, खेळात रमलेली मुलं हसतात तशी. घरभर गाळाचा वास सुटला होता. धरणाच्या काठावर चार वर्षांपूर्वी होता तोच.

“पिहू, हात काढ.”

“येत नाही, आजी. त्यानं धरलाय.”

नळाखाली घागर भरत आली की आवाज बदलत जातो, वर वर चढतो. तसा आवाज त्या भोपळ्यातून येत होता. भरत आल्याचा.

मी तिला कवेत घेतलं आणि ओढलं. ती लहानशी पोर, पण हलेना. तिचा तळवा सालीला चिकटलेला. सालीच्या आतल्या बाजूनं, तिच्या तळव्याच्या बरोबर खाली, काहीतरी टेकलेलं मला जाणवलं. ते थोपटत होतं. हळूहळू. मायेनंच थोपटत होतं. मी त्याची आई आहे, मला कळतं ते. पण सोडत नव्हतं.

मी ओरडले. “आहे! मी आहे! पिहू आहे! घरात माणसं आहेत रे, सुरज!”

चढता आवाज तिथंच अडला.

“आज नको, बाळा,” मी म्हणाले. “आज नको.”

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग आतून एकच आवाज आला. टक. पोराला पंगतीतून उठवल्यावर ते खाली मान घालून जातं, तसा. आणि पिहूचा हात सुटला.

७

हे आले तेव्हा मी पिहूला कोरडं करून, माझ्या साडीत गुंडाळून बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. ह्यांनी स्वयंपाकघरातली फरशी पाहिली. काही विचारलं नाही. मांडणीवरची मोठी सुरी घेतली आणि पहिल्यांदाच त्या भोपळ्यासमोर खाली बसले.

सुरी टेकवली. परत उचलली. दोन्ही हातांनी धरून पुन्हा टेकवली, पण दाबली नाही.

“मला नाही जमणार, हिरा.” एवढा मोठा माणूस, गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

मी त्यांच्या हातातून सुरी घेतली. सासूबाई आठवल्या. बाईनं लावायची नसते. पण मी त्याला आधीच परत पाठवलं होतं, आता सुरीनं वेगळं काय होणार होतं?

मी कापला. साल जाड होती. पाणी आलं, पुष्कळ. मग दोन्ही अर्धी अलग झाली.

सांगण्यासारखं फार नाही. आत भोपळाच होता. भगवा गर, रेषा, बिया. फक्त बिया मधे नव्हत्या. सगळ्या कडेला दाबल्या गेल्या होत्या, गर्दीत अंग चोरून कोणी बसलं की शेजारचे सरकतात तशा. मधे जागा होती. एका बाजूला गरात खळगे पडले होते. आतून. बोटाची पेरं बसतील एवढे. आणि गराच्या रेषा काळ्या, लांब, ओल्या होऊन एकमेकींत गुंतल्या होत्या. मला त्या विंचरून द्याव्याशा वाटल्या.

तेवढंच मी पाहिलं. ह्यांनी पोतं आणून सगळं त्यात भरलं आणि गाडीवरून घेऊन गेले. कुठं टाकलं, ते मी विचारलं नाही.

सोमवारी आळंदीला पुतळ्याला अग्नी दिला. मी रडले. मी रडले म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. अपेक्षा म्हणाली, “आई, आता मोकळं वाटेल तुला.” भिकाजीभाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रात्री बांगड्या काढताना मनगटाला काहीतरी लागलं. बांगडीखाली एक बी चिकटून राहिली होती.

८

ती बी मी पावसाळ्याच्या तोंडाला न्हाणीच्या भिंतीमागं लावली. मुद्दाम लावली, हे कोणाला माहीत नाही. खरकट्यातून उगवला असेल, असं हे म्हणाले. वेल भिंतीवर चढला. फुलं भरपूर आली, फळ एकच धरलं. मी त्याच्याखाली पेंढा ठेवला, थंडी वाजू नये म्हणून ठेवतात तसा.

घरात सगळं ठीक आहे. पिहू पहिलीत गेली. तिला त्या दिवसाचं काही आठवत नाही. फक्त डोक्यावरून पाणी घेताना अजून रडते.

आज रविवार आहे. ब्लॉक आहे. सगळी मंडळी नारायणगावकडे गेलीत, पिहूला या वर्षी झेंडूचं शेत बघायचं होतं. मीच ह्यांना आग्रह करून पाठवलं. मला डबे आहेत, म्हणाले. रविवारी डबे नसतात, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळपर्यंत कोणी येणार नाही.

सकाळी मी भोपळा तोडून आत आणला. जड आहे. अंगावर ओल आहे. देठ हिरवा आहे.

डब्यातला गूळ काढून भिजत घातलाय. मोरीच्या दांडीवर कोरडा टॉवेल टाकलाय. त्याचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. थोडा सैल होईल, किंवा होणार नाही. मला माहीत नाही. ते मी बघेन. कसाही असला तरी बघेन.

आज मागच्यासारखी चूक होणार नाही. त्या दिवशी घरात लेकरू होतं, म्हणून मी त्याला उंबऱ्यावरून परत लावलं. वर्षभर माझ्या कानात तो एकच टक आहे.

आज घरात मी एकटी आहे. आणि मला त्यात धरायचं कारण नाही. खेळात ‘कोणी नाही’ म्हणणारी मी नेहमी घरातच असायचे.

स्वयंपाकघर शांत आहे. भांडी हलत नाहीत. मी पाट घेऊन समोर बसले आहे.

टक टक.

टक.

मी आवाज बारीक केला, आणि तोंड न हलवता म्हणाले, “कोणी नाही.”

आता पुढचं वाक्य त्याचं आहे.